युगांडातील नाईल-सफारीच्या आरक्षणात झालेली आमची फसवणूक

मी मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला असून साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून काम करतो आणि गेली चार वर्षे युगांडात, जिंजा शहराच्या परिसरात राहतो. माझी आई, थोरली बहीण आणि दाजी पहिल्यांदाच माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्यासाठी मी मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानाची तीन दिवसांची सहल ठरवली. त्या सहलीत माझे १,५०० डॉलर बुडाले, शिवाय वरचा खर्च वेगळा झाला. फसवणाऱ्याने एकही कच्चा खोटेपणा केला नाही, बहुतेक कागद खरे दाखवले आणि तरीही आम्हाला लुबाडले, म्हणून त्याची रीत सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

नदीतील बोटफेरी हा या सहलीचा मुख्य हेतू होता. जिंजाला नाईल व्हिक्टोरिया सरोवरातून बाहेर पडते आणि १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग तिथे विसर्जित करण्यात आला होता. त्या घाटावर आई हात जोडून बराच वेळ उभी राहिली आणि ‘ही नदी पुढे कशी दिसते ते मला बघायचे आहे’ असे म्हणाली. पुढे हीच नदी मर्चिसन उद्यानात शिरते आणि सुमारे ७ मीटर रुंदीच्या खडकाळ फटीतून सुमारे ४३ मीटर खाली कोसळते. पारा या ठिकाणाहून निघणारी बोट प्रवाहाविरुद्ध सुमारे १७ किलोमीटर जाऊन धबधब्याच्या पायथ्याजवळ पोहोचते आणि परत येते. जाऊन येऊन साधारण तीन तास लागतात. पाणघोडे, मगरी, काठावर पाणी प्यायला आलेले हत्ती हे सारे बसल्या जागेवरून दिसत असल्यामुळे गुडघेदुखी असलेल्या आईसाठी याहून सोयीची सफारी मला सुचली नाही.

कारखान्यातील गाळप दुरुस्तीसाठी थांबले होते आणि मला चारच दिवस रजा होती. ही घाई मी सहल ठरवून देणाऱ्या एका माणसाला पहिल्याच फोनवर सांगून टाकली. भारतीय मंडळींच्या एका व्हॉट्सअॅप गटात कोणीतरी त्याचा क्रमांक दिला होता. क्रमांक देणाऱ्याने स्वतः त्याच्याबरोबर कधी प्रवास केला होता का, हे मी विचारले नाही. त्याने तासाभरात सुबक दरपत्रक पाठवले. चौघांचे मिळून २,२०० डॉलर, त्यात छप्पर उघडणारी लँड क्रूझर, वाटेत झिवा येथील गेंड्यांचे अभयारण्य, नदीच्या उत्तर काठावर उद्यानाच्या आतील लॉजमध्ये दोन रात्री, उद्यानाचे प्रवेशशुल्क आणि दुसऱ्या दिवशी दुपारची दोनची बोट, असे सर्व काही होते. प्रवेशशुल्काचे आकडे मी सरकारी दरांशी ताडून पाहिले. परदेशी पाहुण्याला ४५ डॉलर आणि माझ्यासारख्या वास्तव्याचा परवाना असलेल्या परदेशी माणसाला ३५ डॉलर, हे दोन्ही बरोबर होते. दर अचूक निघाले म्हणून माणूसही भरवशाचा असेल असे मी धरून चाललो. त्याच पत्रकात एक ओळ ‘पारा येथील फेरीचे शुल्क’ अशीही होती. पूर्वी नाईल ओलांडण्यासाठी गाड्या फेरीवर, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या तराफ्यावर, चढवाव्या लागत. आता तिथे पूल झाला आहे आणि गाड्या पुलावरून जातात. जो माणूस दर आठवड्याला पर्यटकांना तिथे नेत असल्याचे सांगतो, त्याच्या पत्रकात बंद झालेल्या फेरीचे शुल्क असावे, यावरून ते पत्रक कुठल्यातरी जुन्या पत्रकावरून उतरवलेले होते हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

मी लॉजच्या आरक्षणाचा पुरावा मागितला. त्याने दुसऱ्याच दिवशी लॉजच्या पत्राची प्रत पाठवली. पत्रावर आमची चौघांची नावे, तारखा, दोन खोल्या आणि नोंदणी क्रमांक होता. ते पत्र बनावट नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो, कारण बनावट कागद कसा ओळखायचा याचीच चर्चा सगळीकडे होते. इथले लॉज पर्यटन व्यावसायिकांसाठी काही दिवस खोल्या राखून ठेवतात. ती नोंद तात्पुरती असते आणि ठरलेल्या तारखेपर्यंत अनामत रक्कम न आल्यास ती आपोआप रद्द होते. आमच्या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत नेमके तेच लिहिले होते. मी नावे वाचली, तारखा वाचल्या, आईच्या नावाचे स्पेलिंगही तपासले, पण ती ओळ वाचली नाही. खोली राखून ठेवायला त्याला एक शिलिंगही खर्चावा लागला नव्हता आणि त्या फुकटच्या पत्राच्या जोरावर त्याने माझ्याकडून पैसे काढले.

पैसे मागण्याची वेळ त्याने शुक्रवारी संध्याकाळची साधली. दुपारच्या बोटीत शेवटच्या चार जागा उरल्या आहेत, बँक आता सोमवारीच उघडेल, म्हणून १,५०० डॉलरची रक्कम मोबाइल मनीने, म्हणजे मोबाइल क्रमांकावर, शिलिंगांत पाठवा आणि उरलेले ७०० डॉलर सहल संपल्यावर द्या, असे तो म्हणाला. ‘उरलेले नंतर’ या शब्दांमुळे मला व्यवहार न्याय्य वाटला. मोबाइल मनीने पैसे पाठवताना, रक्कम जाण्यापूर्वी, ज्याच्या नावावर सिम आहे त्याचे नाव पडद्यावर दिसते. ते नाव या माणसाचे नव्हते, त्याच्या व्यवसायाचेही नव्हते. मी थांबून त्याला फोन केला. ते आमच्या हिशेबनिसाचे नाव आहे, असे त्याने शांतपणे सांगितले आणि मी दोन हप्त्यांत ५५ लाख शिलिंगांहून अधिक रक्कम पाठवून दिली. संपूर्ण व्यवहारात मला परत फिरवू शकणारी हीच एक स्पष्ट खूण होती आणि ती त्या व्यवस्थेने माझ्या डोळ्यांसमोर धरली होती.

ठरल्या दिवशी पहाटे लँड क्रूझरऐवजी साधी व्हॅन आली. तिचे छप्पर उघडत नव्हते. चालक तरुण आणि सज्जन होता. आईला तो ‘जाजा’ म्हणजे आजी म्हणत होता आणि गाडीत चढताना तिला हात देत होता. त्याला आदल्या रात्री फोन करून बोलावले होते, हातात एका बाजूच्या डिझेलपुरते पैसे दिले होते आणि बाकी सर्व पाहुणे देतील असे सांगितले होते, हे आम्हाला कंपाला मागे पडल्यावर कळले. त्याचीही फसवणूकच झाली होती. झिवाला आमच्या नावाची नोंद नव्हती, तेव्हा गेंडे न पाहताच आम्ही पुढे निघालो. तोपर्यंत त्या माणसाचा फोन लागत होता. ‘नेटवर्कची अडचण आहे, गेटवर सर्व ठीक होईल’ असे तो सांगत राहिला.

मसिंडीच्या बाजूच्या किचुंबान्योबो गेटवर पोहोचल्यावर तेथील कर्मचाऱ्यांनी आमच्या नावे काहीही भरणा झालेला नसल्याचे सांगितले. त्यांचे वागणे अगदी सौजन्याचे होते. मी त्याने पाठवलेली प्रवेशशुल्काची पावती दाखवली, तेव्हा तिचा क्रमांक दुसऱ्याच कोणाच्या जुन्या भेटीचा निघाला. सगळ्या कागदांत हाच एक कागद सरळ खोटा होता आणि तोही खऱ्या पावतीवरची नावे व तारीख बदलून केलेला होता. त्यानंतर त्या माणसाचा फोन बंद झाला तो कायमचाच. मी चौघांचे १७० डॉलर आणि गाडीचे शुल्क कार्डाने भरले. हे शुल्क २४ तासांचे असते. आम्ही दुपारी चारच्या सुमारास आत शिरलो, त्यामुळे दुसऱ्या दिवसासाठी तेवढीच रक्कम पुन्हा भरावी लागली. ज्यांना पैसे जपून जायचे आहे त्यांनी प्रवेशाची वेळ, मुक्काम उद्यानाच्या आत की बाहेर आणि बोटीची वेळ ही एकत्र मांडून किती दिवसांचे शुल्क लागेल ते आधीच काढावे. मला ते सहलीनंतर समजले.

लॉजमध्ये आमची नोंद नऊ दिवसांपूर्वीच रद्द झालेली होती आणि सगळ्या खोल्या भरलेल्या होत्या. अंधार पडल्यावर उद्यानात गाडी चालवता येत नाही, म्हणून आम्ही घाईघाईने उत्तरेकडच्या तांगी गेटमधून बाहेर पडून पकवाच गावाच्या रस्त्यावरच्या एका साध्या गेस्ट हाऊसमध्ये उतरलो. दिवसभराच्या प्रवासाने आईचे पाय सुजले होते. ‘तुझी चूक नाही’ असे ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. सहलीतील तोच भाग मला अजूनही सर्वांत जड जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्यानाच्या बुलिगी भागात जिराफ आणि हरणांचे कळप चांगले दिसले. व्हॅनच्या खिडकीतून एका वेळी दोघांनाच पाहता येत होते. दुपारी पाराच्या धक्क्यावर गेलो. तिथे वन्यजीव प्राधिकरणाची बोट असते आणि खासगी संस्थांच्याही बोटी असतात. आमच्या दरपत्रकात नुसते ‘बोट’ असे लिहिले होते, कोणाची ते लिहिले नव्हते. कोणत्याही यादीत आमची नावे नव्हती. दुपारच्या फेरीत दोनच जागा शिल्लक होत्या. त्या मी विकत घेतल्या आणि आई व अक्का बोटीत बसल्या. दाजी आणि मी धक्क्यावरच्या बाकावर बसून कोणाकडे काय तक्रार करायची याची यादी केली. संध्याकाळी परत आल्यावर आई बराच वेळ पाण्याबद्दलच बोलत होती. प्रवाहाच्या जोरामुळे बोट धबधब्याच्या अलीकडेच थांबते, तिथे पाण्यावर साबणासारखा पांढरा फेस वाहत येतो आणि काठावरच्या मगरी तोंड उघडे ठेवून निश्चल पडलेल्या असतात, हे तिने मला हाताने दाखवून सांगितले. तिची इच्छा पूर्ण झाली. दाजींना मात्र ती फेरी मिळाली नाही आणि चार दिवसांनी त्यांचे परतीचे विमान होते.

परत आल्यावर मी पोलिसांत तक्रार नोंदवली, मोबाइल मनीच्या कंपनीला व्यवहाराचे क्रमांक दिले आणि युगांडा टुरिझम बोर्डाला सर्व कागद पाठवले. पैसे आले त्याच संध्याकाळी काढून घेतले गेले होते, असे कंपनीकडून कळले. संशय आल्याबरोबर, म्हणजे पैसे पाठवल्यानंतर तासाभरात तक्रार केली असती, तर ती रक्कम रोखता येण्याची थोडी शक्यता होती. पर्यटन व्यवसाय करणाऱ्यांना या देशात टुरिझम बोर्डाचा परवाना घ्यावा लागतो आणि व्यावसायिकांच्या ‘असोसिएशन ऑफ युगांडा टूर ऑपरेटर्स’ या संघटनेच्या सदस्यांची यादी कोणालाही पाहता येते. या दोन्ही ठिकाणी तो माणूस नव्हता. हे तपासायला मला दहा मिनिटेही लागली नसती.

आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी आधी लॉजला स्वतः फोन करायला लावतो आणि ‘आमच्या नावाची नोंद आहे का’ असे न विचारता ‘आमच्या नोंदीपोटी तुम्हाला किती पैसे मिळाले आहेत’ असे विचारायला सांगतो. नोंद आहे का, या प्रश्नाला आमच्या बाबतीतही पहिले काही दिवस होकारार्थीच उत्तर मिळाले असते. बोटीसाठी कोणाची बोट, कोणत्या तारखेची, किती वाजताची आणि कोणाच्या नावाने तिकीट निघाले, हे त्या बोटवाल्याकडूनच लेखी घ्यावे. पैसे व्यवसायाच्या नावावरील बँक खात्यातच भरावेत आणि पडद्यावर वेगळे नाव दिसले तर तिथेच थांबावे.

महाराष्ट्रातून सहल ठरवणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगतो. पुण्यातील एका परिचितांना तेथील एजंटाने ‘टीसीएस (विक्रेत्याने ग्राहकाकडून गोळा करायचा कर) वाचवून देतो’ असे सांगून पैसे वैयक्तिक खात्यात भरायला लावण्याचा प्रयत्न केला होता. परदेशी सहलीचे पॅकेज विकणाऱ्याला १ ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस गोळा करणे बंधनकारक आहे. ती रक्कम ग्राहकाच्या पॅन क्रमांकावर जमा होते आणि विवरणपत्र भरताना भरायच्या करातून वजा करता येते. त्यामुळे ती वाचवण्याच्या नावाखाली ग्राहक स्वतःच्या व्यवहाराचा सरकारी पुरावा गमावतो. भारतात ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्क भरावे लागत नाही.

माझी तक्रार अजून चौकशीतच आहे आणि पैसे परत मिळालेले नाहीत. गेल्या महिन्यात त्याच व्हॉट्सअॅप गटात नव्या नावाने आणि नव्या क्रमांकावरून तशीच जाहिरात आली. तीन दिवस, दोन रात्री, दुपारची बोट, चौघांचे १,९८० डॉलर. गाडीचे छायाचित्र तेच होते आणि खर्चाच्या तपशिलात पाराच्या फेरीचे शुल्कही तसेच होते. मी ती ओळ गटातील सर्वांना दाखवली, पोलिसांना जाहिरातीची प्रत दिली आणि ज्या दोन कुटुंबांनी त्या क्रमांकावर चौकशी केली होती त्यांना लॉजचा दूरध्वनी क्रमांक कळवला. त्यांपैकी एका कुटुंबाच्या हाती तात्पुरत्या नोंदीचे पत्र आधीच पडले होते. पैसे त्यांनी अजून पाठवलेले नव्हते.