जहाज तरंगतच होतं, बुडालो आम्ही

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, आणि दिवसभर पंपाचे व्हॉल्व्ह, स्पिंडल, बुश. प्रेशर गेज आणि ओ-रिंग तर रोज हाताखालून जातात. हे आधीच सांगून टाकतो, कारण स्कूबाच्या, म्हणजे पाठीला हवेचा सिलिंडर बांधून समुद्रात उतरायच्या, खोट्या पॅकेजमध्ये मी फसलो आणि ‘तुला तरी कळायला नको होतं काय?’ असं घरात सगळ्यांनी विचारून झालंय आणि माझ्याकडं त्याला उत्तर नाही.

डिसेंबर 2024 चा पहिला आठवडा. प्रदर्शन लागलं होतं म्हणून बायकोबरोबर गेलो. चटण्या, लोणची, सोफा-कम-बेड, पाय चेपणारी खुर्ची, आणि त्यांच्या मधोमध एक निळा स्टॉल. मागच्या फ्लेक्सवर समुद्राच्या तळाशी पडलेलं जहाज, आणि जहाजाच्या पोटात दाटीवाटीनं उभ्या मोटरसायकली. पाण्याखाली मोटरसायकल दिसल्यावर कोल्हापूरचा माणूस तिथं थांबणार नाही तर कुठं थांबणार?

‘‘कुठलं ओ हे?’’

‘‘निवतीचं, मालक. मालवणच्या खाली. नेव्हीचं जहाज बुडिवलंय तिथं. पेपरात आलंय की.’’

‘‘आणि गाड्या?’’

‘‘नेव्हीच्याच हैत.’’

पेपरात खरंच आलं होतं. निवती रॉकजवळ नौदलाचं निवृत्त जहाज, आयएनएस गुलदार, तळाशी बसवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं, आणि त्यासाठी केंद्रानं 46 कोटी 91 लाख मंजूर केले, ही बातमी ताजी होती. मी ती चहा पिताना अर्धी वाचली होती. ‘करायचं आहे’ आणि ‘केलंय’ यातला फरक माझ्या डोक्यातून निसटला आणि त्यानं नेमका तोच पकडला. शिवाय माणूस आपल्याकडचा, बोलणं आपल्यासारखं. माझं गाव सांगितल्यावर तिथल्या तालमीचं नावसुद्धा त्याला ठाऊक. अंगात डायव्हिंगचा टी-शर्ट. अजून काय पाहिजे!

पॅकेज असं होतं: तीन दिवसांचा ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्कूबाचा पहिला टप्पा, जगात कुठंही चालणारं डायव्हरचं कार्ड, आणि जहाजावर दोन डाइव्ह. माणशी 16,500. मी, माझा मित्र आणि एकोणीस वर्षांचा पुतण्या, तिघांचे 49,500. तीस हजार तिथंच यूपीआयनं भरले, उरलेले निघायच्या आदल्या दिवशी. पैसे गेले ते कुठल्या फर्मच्या नाही, एका माणसाच्या नावावरच्या खात्यात. पावती छापील होती, पण तिच्यावर जीएसटी नंबर नव्हता. माझ्या वर्कशॉपमध्ये अशा पावतीवर मी पाचशेचा मालसुद्धा उतरवून घेत नाही.

भाव ऐकूनच शंका यायला हवी होती. आपल्या देशात नुसत्या ओपन वॉटर कोर्सला साधारण पंचवीस ते पस्तीस हजार लागतात, हे मला नंतर कळलं. अभ्यास आणि परीक्षा, मग टँकमध्ये किंवा उथळ पाण्यात पाच सराव सत्रं, मग समुद्रात दोन दिवसांत मिळून निदान चार डाइव्ह, वर 200 मीटर न थांबता पोहणं आणि दहा मिनिटं तरंगून दाखवणं. एवढं झाल्यावर जे कार्ड मिळतं त्यावर 18 मीटरपर्यंतच जाता येतं. बुडालेल्या जहाजाच्या आत शिरायला त्यापुढं वेगळं शिक्षण घ्यावं लागतं. म्हणजे फ्लेक्सवरच्या त्या मोटरसायकलींजवळ आम्ही तिसऱ्या दिवशी पोचणार, हे मुळातच शक्य नव्हतं.

नाताळच्या सुट्टीत फोंडा घाट उतरून मालवण गाठलं. ‘थिअरी’ म्हणून व्हॉट्सॲपवर सहा पानांची पीडीएफ आली होती, ती गाडीत वाचली. टँक कुठं आहे विचारलं, तर म्हणाला समुद्रच टँक. मालवणशेजारी तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबाची संस्था आहे, तिथं शिकवण्यासाठी खास बांधलेला खोल टँक आहे. आमची गाडी त्या रस्त्यानं दोनदा गेली असेल. एकदाही आत डोकावलो नाही.

सकाळी जेटीवर होडीवाल्या पोरानं यादी बघितली.

‘‘कोर्स? खंयचो कोर्स? तुमचा साधा स्कूबा आसा. माणशी आठशे.’’

‘‘आणि निवतीचं जहाज?’’

‘‘निवतीक खंयचा जहाज?’’ असं म्हणून तो हसला आणि दोर सोडायला लागला.

आम्हाला वाटलं, पोराला माहीत नसेल. स्टॉलवरच्या साहेबाला फोन लावला. ‘‘मालक, समुद्र खवळलाय. नेव्हीनं दोन दिवस परमिशन बंद केलीय. आज प्रॅक्टिस करून घ्या, जहाज जानेवारीत फ्री करून देतो.’’ समोर समुद्र रंकाळ्यासारखा पडला होता. तरी आम्ही होडीत बसलो. माणूस फसतो तेव्हा समोरच्याच्या निम्मं काम तो स्वतःच करून देतो, हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो.

होडीत किट मांडून ठेवलं होतं. मी सवयीनं सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारा गेज हातात घेतला. काचेच्या आत पाण्याचे थेंब जमले होते, सुई चाळीस बारवर उभी होती, आणि नळी अजून सिलिंडरला जोडलेलीच नव्हती! गेजवर काहीच दाब नसेल तर सुई शून्यावर यायलाच पाहिजे. माझ्याकडं असा गेज आला असता तर मी भंगारात टाकला असता. पोराला दाखवला. त्यानं काचेवर टिचकी मारली. ‘‘ता तसाच आसता.’’ चाळीस बार जास्त दाखवणारा गेज म्हणजे सिलिंडर रिकामा होत आला तरी खाली माणसाला हवा आहे असं वाटत राहणार. हे मला त्या क्षणी कळत होतं. तरी मी गप्प बसलो, कारण मागं पंधरा माणसं रांगेत होती आणि पुतण्या ‘काका, चला की’ म्हणत होता.

त्या पोराबद्दल माझी तक्रार नाही. आठशे रुपयांत जे देतात ते त्यानं दिलं. मागून सिलिंडरला धरून चार-पाच मीटर खाली नेलं, बारा-पंधरा मिनिटं फिरवलं, पाव कुस्करून मासे बोलावले, फोटो काढला आणि वर आणलं. मालवणच्या किनाऱ्याला सागरी अभयारण्य होऊन 1987 पासून एवढी वर्षं झाली. तिथं प्रवाळ आहे, आम्हीही दोन-तीन करड्या गोळ्यांसारखं पाहिलं. पाणी गढूळ, हात लांब केला तर बोटांच्या पुढचं धूसर. फ्लेक्सवर दाखवलेलं तीस मीटरपर्यंतचं स्वच्छ निळं पाणी आपल्या किनाऱ्यालगत नसतंच.

मी हे लिहायला बसलो ते पुढच्या गोष्टीसाठी. पुतण्याच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. मास्कमधलं पाणी नाकानं फुंकून बाहेर काढायचं असतं, आणि हा धडा खऱ्या कोर्समध्ये सुरुवातीलाच टँकमध्ये पाठ करून घेतात. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तो घाबरला, पोराच्या हातातून सुटला आणि श्वास रोखून सरळ वर आला. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो, पाच मीटरवर दीडपट. तिथं छाती भरून घेतलेली हवा तोंड मिटून वर आणली, तर वर येईतो दीडपट फुगते. फुप्फुस म्हणजे काही पंपाची बॉडी नव्हे. पाण्याखाली कधीच श्वास रोखायचा नाही, हा स्कूबाचा पहिला नियम आमच्या सहा पानांत कुठंही नव्हता. ‘ऑक्सिजन सिलिंडर’ हा शब्द मात्र चार वेळा होता. त्या सिलिंडरमध्ये साधी गाळलेली, दाबलेली हवा असते. शुद्ध ऑक्सिजन घेऊन माणूस सहा मीटरच्या खाली गेला तर झटके येऊ शकतात.

होडीवर तो अर्धा तास खोकत होता. तेव्हा मित्रानं विचारलं, ‘‘ह्याला लहानपणी दमा होता न्हवं?’’ होता. सातवीपर्यंत पंप घ्यायचा. दम्याचा एक प्रश्न तरी कुणी विचारला होता का? फॉर्मच नव्हता. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, काही निघालं नाही. वहिनी पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आठवड्यानं तिघांची ‘सर्टिफिकेटं’ व्हॉट्सॲपवर आली. सोनेरी किनार, मोठ्या संस्थेचा लोगो, आणि मित्राचं आडनाव चुकलेलं. सोबत व्हिडिओ. माझ्या व्हिडिओत माशांना पाव घालणाऱ्या हाताच्या बोटात पोवळ्याची अंगठी होती. मी अंगठी घालत नाही. लेथवर काम करणारा कुणीच घालत नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये पेपरात फोटो आला: कारवारच्या बंदरात आयएनएस गुलदार नौदलानं पर्यटन महामंडळाच्या ताब्यात दिली. जवळपास 84 मीटरची बोट, धक्क्याला लागून पाण्यावर छान तरंगत होती. ज्या बुडालेल्या जहाजावर डाइव्ह मारायचे पैसे आम्ही डिसेंबरात भरले, ते बुडालंच नव्हतं! तो पेपर मी वर्कशॉपमध्ये भिंतीला चिकटवलाय.

तरी कार्ड खरं असेल अशी आशा पुतण्याला होतीच. मार्चमध्ये आम्ही मुरुडेश्वरला गेलो, नेत्राणी बेटावर डाइव्ह करायला. तिथल्या शिक्षकानं पहिला प्रश्न कार्ड नंबरचा केला. नंबर ऑनलाइन तपासला, नोंद नाही. पाडी, एसएसआयसारख्या स्कूबा शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचं कार्ड शिकणाऱ्याला त्या संस्थेकडूनच येतं, ईमेलवर किंवा ॲपमध्ये, आणि शिकवणाऱ्याचा स्वतःचा नंबरही तपासता येतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफला तिथं कुणी विचारत नाही. त्याचा दुसरा प्रश्न मला जास्त लागला: ‘‘परत घाट कधी चढणार?’’ दाबाखाली श्वास घेताना रक्तात आणि पेशींत नायट्रोजन विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर जे होतं ते शरीरात होऊ द्यायचं नसतं. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, म्हणून खरे डाइव्ह झाल्यावर विमानाला 12 ते 18 तास थांबतात, आणि उंच घाटालाही तोच विचार लागू होतो. कोल्हापूरच साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. आमच्या पॅकेजच्या जाहिरातीत काय होतं? ‘सकाळी डाइव्ह, रात्री घरी तांबडा-पांढरा.’ ज्यानं ते छापलं तो आयुष्यात कधी पाण्याखाली गेला नसणार, हे त्या एका ओळीवरून ओळखता आलं असतं.

मोटरसायकलींचा उलगडाही तिथंच झाला. मी मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो दाखवला, तसा शिक्षक हसायलाच लागला. ते थिसलगॉर्म. दुसऱ्या महायुद्धात सैन्याचं सामान नेणारं ब्रिटिश मालवाहू जहाज, 1941 मध्ये जर्मन विमानांनी तांबड्या समुद्रात बुडवलं, इजिप्तजवळ. मोटरसायकली, ट्रक, बुटं अजून त्याच्या पोटात तशीच आहेत. गाड्या बीएसएच्या आणि नॉर्टनच्या. आमच्या नेव्हीच्या नव्हेत.

पैशाचं थोडक्यात सांगतो. 1930 ही सायबर हेल्पलाइन, पण तिथं पैसे पुढं सरकायच्या आत फोन केला तर उपयोग. आम्ही तीन महिन्यांनी केला. पोलीस ठाण्यात ‘तुम्ही होडीत बसला होता ना? मग सेवा मिळाली की’ असं ऐकून परत आलो. मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला आणि वकिलामार्फत नोटीस पाठवली. नोटीस मिळाल्यावर दहा हजार परत आले, न बोलता, रात्री साडेअकराला. उरलेल्या 39,500 साठी जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी नाही. ज्यांनी त्या निळ्या स्टॉलवर पैसे भरलेत त्यांनी यूपीआयचा स्क्रीनशॉट, पावती आणि ती पीडीएफ पुसू नका. आणि जे भरणार आहेत त्यांनी एवढंच करा: पाण्यात तुमच्याबरोबर कोण उतरणार, त्या माणसाचं नाव आणि शिक्षक म्हणून नंबर आधी मागा, त्याच्याशी फोनवर बोला, मगच पैसे काढा. स्टॉलवर बसलेला कमिशनवाला ते देऊ शकला नाही तर चटणीच्या स्टॉलकडं वळा.

आम्ही आता रीतसर कोर्सला नाव घातलंय. पैसे भरायच्या आधी आरोग्याचा फॉर्म आला. माझा आणि मित्राचा सरळ गेला. पुतण्याला दम्याच्या प्रश्नापुढं ‘हो’ लिहावं लागलं, आणि तिथंच त्याचं थांबलं. डॉक्टरांनी तपासून लेखी दिल्याशिवाय पाण्यात नाही, म्हणाले. ‘लिहायचंच कशाला होतं काका’ म्हणून तो माझ्यावर चिडून बसलाय.