गाविलगड : दिल्ली दरवाजावरून परत फिरू नका

चिखलदऱ्याला येणारे बहुतेक पर्यटक भीमकुंड आणि रबडी यांवरच सहल आटोपती घेतात. जवळच्या गाविलगड किल्ल्याकडे वळलेच, तर दरवाजापाशी छायाचित्रे काढून परततात. असे करणाऱ्यांनी किल्ला पाहिला, असे मी तरी म्हणणार नाही.

दिल्ली दरवाजा थांबून पाहावा असाच आहे. त्यावरील गंडभेरुंड हा दोन तोंडांचा काल्पनिक पक्षी आणि शार्दूल हा सिंहासारखा काल्पनिक पशू ही शिल्पे पाहताना हा मुसलमानी राजवटीचा किल्ला कसा, असा प्रश्न पडतो. १४२५ मध्ये बहमनी सुलतान अहमदशहाने किल्ला बांधला; पुढे तो एलिचपूरच्या, म्हणजे आपल्या अचलपूरच्या, इमादशाहीकडे आला. या शाहीचा संस्थापक फतहुल्ला हा मूळचा विजयनगरच्या मुलखातील हिंदू असल्याचे इतिहासकार फरिश्ता सांगतो आणि गंडभेरुंड हेही विजयनगरच्या परिचयाचे चिन्ह. एवढे ठाऊक असले की तो दरवाजा निराळाच दिसू लागतो.

आतील भागात मशीद, तलाव, तोफा आणि लांबच लांब तटबंदी आहे. नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातील हा गड १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतला. उत्तरेच्या बाजूने तोफांनी बाहेरच्या तटाला खिंडार पाडले, तरी आतला तट उभाच होता. शेवटी शिड्या लावून काही सैनिक त्यावर चढले आणि त्यांनी आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंह लढताना मारला गेला आणि दोनच दिवसांनी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. दोन तटांमधील दरी उतरून चढताना हा तपशील आठवला, तर दम लागल्याचे दुःख वाटत नाही.

माहितीफलकांच्या बाबतीत मात्र निराशाच पदरी पडते. यातले काहीही तेथे धडपणे लिहिलेले नाही, त्यामुळे स्थानिक वाटाड्या घेणे उत्तम. मशिदीची पडझड आणि भिंतींवर कोरलेली प्रेमवीरांची नावे पाहून मन विटते. शत्रूच्या तोफांनी केले नाही ते आपल्या खिळ्यांनी केले.

पावसाळ्यात धुके आणि माजलेले गवत यांमुळे वाटा सापडत नाहीत, म्हणून हिवाळाच बरा. परतवाड्याहून सकाळी लवकर घाट चढावा, पायांत बूट असावेत आणि पिण्याचे पाणी सोबत न्यावे. परिसर मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा असल्याने अंधाराच्या आत खाली यावे. जेवण चिखलदऱ्याला परतल्यावरच मिळेल.