मुळशीच्या रानात घर : एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव (मुख्यतः बुरशीबद्दल)

डीह्युमिडिफायर, म्हणजे घरातल्या हवेतला ओलावा काढणारं यंत्र, अखेर दुरुस्त होऊन आला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, म्हणजे त्याची गरज संपल्यावर. ऑगस्टात तो बंद पडला तेव्हा कंपनीच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, "सर, तुमचा पिनकोड आमच्या सर्व्हिसच्या यादीत नाही." याच पिनकोडवर त्यांनी तो विकला होता आणि पोचवलाही होता, वर पोचवायचे जादा पैसे घेतले होते. शेवटी गाडीत घालून मीच पुण्यात नेऊन टाकला. वॉरंटीत असून पेट्रोल माझं. हा राग ताजा आहे तोवर लिहून टाकतो, कारण ऑफिसात रोज कुणीतरी विचारतंच, "काय मग, जंगलात मजा ना?"

घर पौडच्या पुढे, डोंगराला टेकून. सात-आठ बंगल्यांची वस्ती, मागे रान, खाली भातखाचरं आणि पलीकडे मूळची वाडी. आम्ही भाड्याने राहतो. सातबारावर शेतकरी म्हणून नाव नसलेल्या माणसाने इथे जमीन घेण्याच्या भानगडीत पडू नये, एवढंच त्याबद्दल. भाडं कोथरूडच्या टू बीएचकेच्या निम्मं. ते ऐकून माझा निर्णय झाला होता, हवा-पाणी-शांतता नंतर.

एप्रिल-मे मध्ये लिहायला बसलो असतो तर घराला पाचपैकी पाच तारे दिले असते. रात्री पंखा बंद करावा लागायचा. करवंदं कुंपणाबाहेर फुकट. मे संपता संपता काजवे आले. त्यांचे व्हिडिओ तुमच्याकडेही आलेच असतील, म्हणून वर्णन करत नाही. रस्त्याचं विचाराल तर पुण्यातल्या चांदणी चौकाचे नवे पूल २०२३ मध्ये झाल्यापासून तिथला ताप कमी झालाय, पण पिरंगुटला गाडी अडकतेच आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी ताम्हिणी घाटात निघालेली अर्धी पिंपरी-चिंचवड आमच्या फाट्यावर उभी असते. बिबट्या एकदा दिसला, त्याने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे.

बुरशी.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पहिली गेली ती माझी लग्नातली चामडी बेल्ट. कपाटातून काढली तर हिरवट-पांढरी लव. मग बूट. मग चष्म्याचं घर, देवघराची मागची फळी, पोळपाट. काड्यापेटीवर काडी ओढली की गुल नुसता पुसला जायचा. मिठाच्या बरणीत पाणी. प्लायवूडचं कपाट खालून फुगलं, दार लागेना. एकदा लागलं, मग उघडेना. हायग्रोमीटर म्हणून हवेतला दमटपणा टक्क्यांत दाखवणारं एक खेळणं मागवलं. बेडरूममध्ये रोज ९० च्या वर. भिंतीवरच्या बुरशीला साठ-सत्तरच्या पुढे आवतण लागत नाही, इथे तर तिला जावयाचा मान होता.

लोक पावसाला घाबरतात. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात ५५६ मिलिमीटर पडला होता, पुणे शहराला अख्ख्या वर्षात साधारण साडेसातशे मिळतो. पण पाऊस पडतो आणि उताराने निघून जातो. खरा त्रास ढगांचा. ते खिडकीतून घरात येतात, चक्क दिसतात आत येताना. पाहुणे टाळ्या वाजवतात, फोटो काढतात आणि रविवारी संध्याकाळी सुक्या घरी परत जातात. तो ढग नंतर आमच्या गादीत मुक्कामाला असतो.

तेव्हा यंत्र घेतलं. त्याबद्दल मात्र वाईट बोलणार नाही. दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी हवेतून काढायचं, टाकी भरली की बीप. खोली थोडी गरम होते, त्यामुळे दोरीवरचे कपडे एका रात्रीत वाळतात. खर्च दिवसाला साधारण तीन युनिट. साठलेल्या पाण्याने मी फरशी पुसायचो, संडासात टाकायचो. विकत घेतलेल्या विजेने काढलेलं पाणी मोरीत ओतवत नाही. पण वीज गेली की यंत्र गप्प, आणि पावसात वीज जातेच. इन्व्हर्टरवर त्याचा भार पेलत नाही. वीज आली की काटा पुन्हा पहिल्यापासून.

ते बंद पडलं त्या आठवड्यात कामाला येणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून भिंतीकडे बघत म्हणाल्या, "दादा, घरात इस्तू न्हाई तुमच्या. कुजणारच की." इस्तू म्हणजे विस्तव. मी म्हटलं, गॅस आहे. त्या हसल्या. "गॅसला धूर हाय का?"

त्यांच्या घरी गेलो चहाला. कौलारू घर, मधोमध चूल, चुलीवर छताला टांगलेलं बांबूचं मांडव. त्यावर पुढच्या वर्षीचं बियाणं, सुकट, कांदे, जरा बाजूला पोरांचे गणवेश. धूर कौलांतून सावकाश बाहेर. आढं काळंकुळकुळीत आणि ठणठणीत, वाळवीचं नाव नाही. बाहेर आमच्यासारखाच ढग होता, आत काड्यापेटी पहिल्या ओढीत पेटली. डोळे चुरचुरतात हे खरं, आणि मावशींना खोकलाही आहे, त्यामुळे मला त्या धुराची आरती ओवाळायची नाही. पण पंचवीस हजारांच्या यंत्राचं काम तिथे लाकडाच्या चार ढलप्यांवर चाललं होतं. आमच्या बंगल्यात सरकत्या काचा, पीओपी, लॅमिनेट. हवा आत येते, बाहेर जायला वाट नाही. आर्किटेक्टने बहुधा घर मार्चमध्ये पाहिलं असावं.

वाडीही इथली मूळची नव्हे, हे त्या चहावर कळलं. त्यांच्या सासऱ्यांच्या आज्याचं गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या पुढाकाराने मुळशीचा सत्याग्रह झाला तो शाळेत वाचलेला. धरण झालंच, त्याचं पाणी खाली कोकणात भिऱ्याला पडतं आणि १९२७ पासून तिथे वीज होते. आम्ही डोंगरावर हौसेने आलो, यांना खालून वर ढकललं. मावशी हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होत्या.

सप्टेंबरपर्यंत माझं मत ठाम होतं : दोन तारे, आणि ते दोनही भाड्यामुळे. मग ऑक्टोबरात ऊन पडलं. गाद्या गच्चीवर गेल्या, चार दिवसांत हायग्रोमीटर पंचावन्नवर. पठारं सोनकीच्या फुलांनी पिवळी झाली, खाचरात इंद्रायणी पिकली आणि कापणी चालू असताना दारात उभं राहिलं तरी भाताचा वास येत होता. मावशींकडून वर्षाचा तांदूळ थेट घेतला, कोथरूडच्या दुकानापेक्षा स्वस्त आणि पॉलिश न केलेला. कंपनीवरचा राग तेवढा उतरला नाही, पण घराचे तारे साडेतीनवर नेले.

बायकोला राहायचंय. तिला कस्तूर पक्ष्याची पहाटेची शीळ हवी, तो मुख्यतः पावसाळ्यात गातो. म्हणजे शीळ आणि बुरशी एकाच पॅकेजमध्ये, वेगवेगळी मिळत नाहीत. मालकांना नव्या करारात दहा टक्के वाढ हवी आहे. मी सांगितलंय, मागच्या बाजूला पत्र्याची पडवी आणि धुरांडं असलेली चूल बांधून द्या, वाढ देतो. ते म्हणतात चुलीने बंगल्याचा लूक जातो. बोलणी चालू आहेत.

तोवर एक प्लायवूडचं कपाट विकणे आहे. खालून थोडं फुगलंय. न्यायला स्वतः यावं लागेल, पिनकोडची अडचण नाही.