पहिली ट्रेल बाईक: एक्सपल्स 200 4व्ही

माझी उंची पाच फूट तीन इंच. त्यामुळे ‘सीट जमिनीपासून 825 मिलिमीटर उंच’ ऐकून घरच्यांनी आधीच नाक मुरडलं. दोन्ही पाय टेकत नाहीत, खरंय. पण चिखलात एक पाय नीट टेकला तरी भागतं. (प्रो व्हर्जनची सीट 891! शोरूममध्ये चढून पाहिली, हसत उतरले.)

खरा प्रश्न वजनाचा. नवशिक्याची गाडी पडणारच. पावसाळ्यात केळद, मढे घाटाच्या बाजूला तर हमखास, आणि तिथे उचलायला माणूस मिळेलच असं नाही. हिरोची ही गाडी साधारण 160 किलोची. पडली की हँडल पूर्ण वळवायचं, पाठ सीटला टेकवायची आणि पायांनी रेटायचं. मी एकटी उभी करते. रॉयल एनफिल्डची हिमालयन 411 जवळपास 200 किलो, ती उचलायला मला सोबत लागते.

पुढे 21 इंची, मागे 18 इंची तारांची चाकं. पुढचं चाक दगडाला अडत नाही, सरळ वर चढतं. 2023 च्या मॉडेलपासून एबीएसचे (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) तीन मोड आहेत: रोड, ऑफ-रोड आणि रॅली. रॅली मोडमध्ये एबीएस पूर्ण बंद होतं, म्हणून मी ऑफ-रोड मोडवरच ठेवते.

हायवेला सतत शंभरच्या वर हाकायची असेल तर दुसरी बघा.

सेकंडहँड घेताय? रिमचे पोचे, ढिल्या तारा, फोर्क सीलमधून (पुढच्या शॉकअपच्या सीलमधून) झिरपणारं तेल तपासा. उरलेल्या पैशांत आधी बूट आणि नी-गार्ड, लगेज रॅक नंतर.