कॅनचाइल्ड (कॅनडा): सीपी असलेल्या मुलांच्या पालकांसाठीचं मटेरियल, माझा रिव्ह्यू

ज्यांच्या घरात सीपी (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर परिणाम होणं) असलेलं मूल आहे त्यांच्यासाठी लिहितेय, थोडं लांब होईल पण वाचा. कॅनचाइल्ड म्हणजे कॅनडातल्या हॅमिल्टनला मॅकमास्टर युनिव्हर्सिटी आहे तिथलं रिसर्च सेंटर, 1989 पासूनचं, सुरू करणाऱ्यांत पीटर रोझेनबाम हे मुलांचे डॉक्टर आणि मेरी लॉ या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या). अपंग मुलं आणि त्यांची कुटुंबं यांच्यावर ते रिसर्च करतात आणि पालकांच्या कामाचं बरंच काही फुकट वाचायला ठेवतात. हे दुकान नाही, क्लिनिक नाही, तरी रिव्ह्यू लिहितेय कारण आम्ही थेरपीच्या नावाखाली आजवर जे जे पैसे देऊन घेतलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा याचा माझ्या लेकीला जास्त उपयोग झालाय.

मुलगी सहा वर्षांची आहे, स्पास्टिक डायप्लेजिया (सीपीचा प्रकार, ताठरपणा मुख्यतः पायांत), वॉकर घेऊन चालते, बोलते भरपूर, पहिलीत आहे.

आधी जीएमएफसीएस (ग्रॉस मोटर फंक्शन क्लासिफिकेशन सिस्टिम) वाचा. तुमच्या फाइलमध्ये हे कुठेतरी लिहिलेलं असेलच, नसेल तर पुढच्या व्हिजिटला विचारा. 1997 मध्ये यांच्याच टीमने काढलेली पद्धत आहे, मूल स्वतःहून कसं हलतं-फिरतं यावरून पाच लेव्हल. 1 म्हणजे मूल सगळीकडे चालतं, जिने चढतं, फक्त वेग आणि तोल थोडा कमी. 3 म्हणजे हातात धरायचा वॉकर किंवा कुबड्या घेऊन चालतं आणि लांब जायचं तर व्हीलचेअर, माझी लेक यात बसते. 5 म्हणजे मान सावरायलाही मदत लागते. पालकांसाठी वेगळी साधी प्रश्नावली आहे, वयोगटाप्रमाणे, त्यात आपल्या मुलाशी जुळणारं वर्णन निवडायचं. हे कळायच्या आधी आम्हाला कुणी माइल्ड म्हणायचं, कुणी मॉडरेट, कुणी "बघू, चालेल हो", आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. आता मी थेट सांगते लेव्हल 3, समोरच्या थेरपिस्टला लगेच कळतं, आणि एखादा लेव्हल 3 वाल्या मुलीला वर्षभरात पळवून दाखवतो म्हणाला तर तिथून उठायचं हे मला कळतं.

मग त्यांचे ग्राफ. हे वाचायला जड जातात, आधीच सांगते. ऑन्टारिओतल्या 657 मुलांची वर्षानुवर्षं मोजणी करून 2002 मध्ये छापलेले, प्रत्येक लेव्हलच्या मुलांची उभं राहणं, बसणं, चालणं अशी मोठ्या हालचालींची कौशल्यं वयाप्रमाणे कशी वाढतात आणि कुठे स्थिरावतात ते दाखवतात. लेव्हल 1 ची मुलं सरासरी पाच वर्षांच्या आसपास आपल्या क्षमतेच्या 90 टक्क्यांपर्यंत पोचतात, लेव्हल 5 ची त्याच्याही खूप आधी, तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत. ही सरासरी आहे, एकेका मुलाचं भविष्य नाही, आणि हातांचं काम, बोलणं, शिकणं याबद्दल तर ग्राफ काहीच सांगत नाही, हे लक्षात ठेवूनच बघा. मला हे बघून दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. पण नंतर हेही कळलं की दर महिन्याला पाय किती सुधारले एवढंच मोजत बसलो तर मुलीचं बालपण त्यातच संपेल, आणि तिला जे आत्ता करायचंय ते तसंच राहील.

आता ज्यासाठी खरं हा रिव्ह्यू लिहायला घेतला ते. मेरी लॉ आणि त्यांच्या टीमने कॅनडात एक अभ्यास केला, 2011 मध्ये छापून आला. सीपीची 128 लहान मुलं, एक वर्षापासून सहा पूर्ण व्हायच्या आतली, दोन गट, सहा महिने. एका गटात थेरपिस्टने नेहमीसारखं मुलाच्या शरीरावर काम करायचं, ताठरपणा, ताकद, हालचालीची पद्धत वगैरे. दुसऱ्या गटात मुलाला बदलायला जायचंच नाही, मुलाला जे काम करायचंय ते काम बदलायचं आणि आजूबाजूची परिस्थिती बदलायची, म्हणजे वस्तू, उंची, जागा, मदत करायची पद्धत, आणि मूल ज्या कुठल्या पद्धतीने करेल ती चालेल. निकाल काय, तर दोन्ही गट सुधारले आणि दोघांत म्हणावा असा फरक नाही. मी हे परत परत वाचलं. म्हणजे स्ट्रेचिंग करताना ती रडतेय, मी तिला दाबून धरलंय, शेजारी कान देऊन ऐकतायत, हा एकच रस्ता नाहीये. तितकंच चालणारा दुसरा रस्ता आहे आणि तो घरात, शाळेत, रोजच्या कामात आहे. कुणी आईने यावरून लगेच फिजिओ बंद करू नका हां, खुब्यांचे एक्सरे, स्प्लिंट, डॉक्टरांचं बाकी फॉलोअप हे सगळं आपापल्या जागी लागतंच. पण "शरीर आधी नीट होऊ दे, मग बाकी शिकवू" असं वाट बघत बसायची गरज नाही हे या अभ्यासातून स्वच्छ दिसतं.

आम्ही काय केलं ते सांगते म्हणजे नुसतं पुस्तकी वाटणार नाही. तिला चुलत भावंडांच्या पंगतीत बसून जेवायचं असायचं आणि जमिनीवर मांडी घालून बसलं की ती मागे कलंडायची, म्हणून तिला टेबलवर एकटीला वाढायचो. सध्याच्या आमच्या ओटी मॅडमनी भिंतीला टेकून बसता येईल असा बुटका स्टूल करून घ्यायला सांगितला, पाय जमिनीला पूर्ण टेकतील एवढाच उंच, आणि समोर चौरंग. आमच्या सुताराने फळ्यांचे तुकडे जोडून दिला. ताटाऐवजी उभ्या काठाची थाळी, खाली ओलं फडकं म्हणजे सरकत नाही. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या हँडलची रबरी मूठ. भाकरीचा तुकडा मोडायला दोन्ही हात लागतात, तो आम्ही आधी मोडून ठेवायचो, आता मोठा तुकडा ठेवतो आणि ती एका हाताने दाबून दुसऱ्याने मोडते, वेळ लागतो पण मोडते. सासूबाईंना आधी हे पटत नव्हतं, व्यायामाचे पैसे भरतो आणि मॅडम फर्निचर सांगतात असं त्या म्हणायच्या. पहिल्यांदा ती सगळ्यांच्या ओळीत बसून जेवली तेव्हा त्यांनीच तिला वाढलं, आणि आता कुणाकडे लग्नकार्याला जायचं असलं की स्टूल गाडीत टाकला का हे त्याच विचारतात.

शाळेतही तेच. वर्ग पहिल्या मजल्यावर होता, मुख्याध्यापक बाईंना भेटून तळमजल्यावर करून घेतला, सगळा वर्गच खाली आणला, तिला एकटीला नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची तरतूद आहे, तो कागद मी सोबत घेऊन गेले होते पण काढायची वेळ आली नाही.

याच लोकांकडून आलेली अजून एक गोष्ट म्हणजे सीओपीएम (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर). हे फुकट नाही, थेरपिस्टने विकत घ्यायचं असतं, पण त्यातला विचार कुणीही वापरू शकतं. मुलाला किंवा घरच्यांना विचारायचं की रोजच्या जगण्यात काय करायचंय आणि अडतंय, त्यातलं महत्त्वाचं काय, आत्ता ते किती जमतंय आणि आपण त्यावर किती समाधानी आहोत, 1 ते 10 मार्क. काही महिन्यांनी परत तेच मार्क. आमच्या मॅडमनी हे प्रश्न लेकीलाच विचारले. मला वाटलेलं ती चालायचं म्हणेल, ती म्हणाली वेणीला रबर लावायचंय आणि शाळेत डबा स्वतः उघडायचाय. मला कुठल्याच सेंटरमध्ये आजवर कुणी तिला असं विचारलेलं दिसलं नव्हतं.

सेंटरवरून आठवलं. आधी ज्या ठिकाणी जायचो तिथलं नाव लिहित नाही, पण तिथे पालकांनी दाराबाहेर बसायचं, आत काय केलं ते विचारलं तर "सेन्सरीचं घेतलं" एवढंच उत्तर, पॅकेजचे पैसे आधी भरायचे आणि घरी काय करू विचारलं तर घरी तुम्ही काही करू नका, चुकीचं होईल. कॅनचाइल्डची एमपीओसी (मेजर ऑफ प्रोसेसेस ऑफ केअर) म्हणून प्रश्नावली आहे, 1996 ची, त्यात पालकच सेवेला मार्क देतात: तुम्हाला निर्णयात घेतलं का, माहिती नीट दिली का, मान देऊन वागवलं का, वेगवेगळ्या लोकांचं आपसात बोलणं आहे का. ती वाचताना जुनं सेंटर आठवून अंगावर काटा आला. कुठलंही सेंटर निवडायच्या आधी हे प्रश्न एकदा वाचा, फी आणि खेळण्यांची रूम बघण्यापेक्षा याने जास्त कळतं.

घरी काही करू नका हे तर मला अजिबात पटत नाही. इथे कॅनचाइल्ड सोडून ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोवाक यांचं नाव घ्यावंच लागेल, त्याही मुळात ऑक्युपेशनल थेरपिस्ट. त्यांच्या 2009 च्या अभ्यासात थेरपिस्ट आणि आईबाबांनी मिळून ठरवलेला घरचा प्रोग्राम आठ आठवडे केला तर मुलांच्या कामात स्पष्ट फरक दिसला, आणि पालकांनी तो केला किती, तर महिन्यात साधारण 17-18 वेळा, एका वेळी 16-17 मिनिटं. रोज नाही, तासन्तास नाही. नोकरी, स्वयंपाक, दुसरं मूल सांभाळून हे जमण्यासारखं आहे. त्यांनीच 2013 मध्ये सीपीच्या 64 उपचारांचे पुरावे तपासून सिग्नलसारखे हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले. हिरव्यात घरचा प्रोग्राम, ध्येय ठरवून सराव, दोन्ही हातांचं ट्रेनिंग, आणि वर सांगितलं ते परिस्थिती बदलायचं काम. हिरवा म्हणजे करा, लाल म्हणजे करू नका. लाल रंगात हायपरबेरिक ऑक्सिजन (बंद चेंबरमध्ये जास्त दाबाने दिलेला ऑक्सिजन) आहे, सीपीसाठी सेन्सरी इंटिग्रेशनही (झोके, स्पर्श वगैरेंनी संवेदनांवर काम करणारी थेरपी) आहे. आपल्याकडे या दोन्हींची पॅकेजेस विकली जातात आणि लोक दागिने मोडून घेतात, म्हणून हा कागद प्रत्येक आईच्या फोनमध्ये असावा असं मला मनापासून वाटतं.

कॅनचाइल्डच्याच एफ-वर्ड्सबद्दल (इंग्रजी एफ अक्षराचे सहा शब्द) थोडक्यात. रोझेनबाम आणि गॉर्टर यांचा 2012 चा लेख, फंक्शनिंग, फॅमिली, फिटनेस, फन, फ्रेंड्स, फ्युचर, या सहाही गोष्टी मुलाच्या आयुष्यात आहेत का बघा असं सांगतो. ते एका पानाचं पोस्टर आहे, मी शाळेतल्या बाईंना प्रिंट काढून दिलं आणि पीटीच्या तासाला लेकीला बाकावर बसवून ठेवणं थांबलं.

काय कमी वाटलं तेही लिहिते. मी वाचलं ते सगळं इंग्रजीतून, आणि अभ्यासांची भाषा सोपी नाही, गावाकडच्या कमी शिकलेल्या आईला कुणीतरी बसून समजावूनच द्यावं लागेल. उदाहरणं तिथल्या घरांची. हाताने जेवणं, उकिडवं बसणं, भारतीय संडास, अंगणात पाणी तापवून केलेली अंघोळ, एकत्र कुटुंबात दहा जणांची दहा मतं, हे आपलं आपल्यालाच जोडून घ्यावं लागतं. आणि त्या अभ्यासांत थेरपिस्ट घरी येऊन बघतो, आपल्याकडे तालुक्याच्या गावात थेरपिस्टच नसतो, घरी कुठून येणार. आम्ही घराचे, जिन्याचे, न्हाणीघराचे व्हिडिओ काढून मॅडमना दाखवतो, त्याने बरंच भागतं.

खरं तर आपल्याकडे हे शास्त्र काही नवीन नाही. आशियातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा मुंबईत केईएमला 1950 मध्ये सुरू झाली, कमला निंबकर यांनी केली, मूळच्या अमेरिकन, लग्न करून निंबकर झालेल्या. इतक्या वर्षांनीही माझ्या ओळखीतल्या सुशिक्षित लोकांना ओटी म्हणजे काय हे सांगावं लागतं, याचं फार वाईट वाटतं.

ज्यांना खाजगी सेंटर परवडत नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (सरकारी डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर) चौकशी करा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, फी नाही. आणि नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा काढा, सीपी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता यांच्यासाठी, वर्षाला 1 लाखापर्यंत, त्यात ओपीडीतली थेरपीही धरतात. दिव्यांग प्रमाणपत्र लागतं, बिलं जपून ठेवा.

रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा भाषेसाठी कापला. मूल अगदी लहान असेल आणि नुकतंच निदान झालं असेल तर ग्राफ इतक्यात उघडू नका, आधी एफ-वर्ड्सचं पोस्टर आणि जीएमएफसीएसची पालकांची प्रश्नावली एवढंच वाचा, आणि पुढच्या सेशनला आपल्या ओटी मॅडमना विचारा की यातलं आमच्या घरात काय बदलता येईल. कुणाला प्रश्नावली मराठीत समजून घ्यायची असेल तर खाली लिहा, मी जमेल तसं सांगेन.