टेबल प्लायचं सांगितलं, निघालं भुशाचं

मुलगा अकरावीला गेला आणि माझंही आठवड्यातले दोन दिवस घरून काम सुरू झालं, म्हणून इंदिरानगरच्या आमच्या घरात कॉम्प्युटरचं टेबल करून घ्यायचं ठरलं. चार बाय दोन फूट, वायरींचा गुंता दिसायला नको आणि दहा हजारांच्या आत. शहरातल्याच एका फर्निचरवाल्याने नऊ हजार सांगितले. "अठरा एमएमचा वॉटरप्रूफ प्लाय, वरून मायका. आणि साहेब, एक जरी वायर दिसली ना, तर पैसे परत!" चहा पाजला. मी पाच हजार तिथल्या तिथे फोनवरून पाठवले. त्याने वहीचं पान फाडून लिहून दिलं: कॉम्प्युटर टेबल, १ नग. बस्स, एवढंच.

टेबल आलं तेव्हा खरंच देखणं वाटलं. मागे पूर्ण पाठ, तिच्याआड बंद खोका, त्यात एक्स्टेंशन बोर्ड. बाहेर फक्त एक पिन. पाठ स्क्रू मारून वर फेव्हिकॉलने पक्की केलेली. उरलेले चार हजार मी हसत हसत दिले.

दुसऱ्याच आठवड्यात मुलगा म्हणाला, "पप्पा, सीपीयू चावतो." मी हात लावून पाहिला, बारीक झिणझिण्या येत होत्या. दमट हवेमुळे असेल म्हणून सोडून दिलं. ही माझी चूक. मग जुलैचा पाऊस, रोजची ओली फरशी, आणि टेबलाची डावी बाजू खालून फुगायला लागली. कडेची पट्टी सुटली, आत बोट घातलं तर भिजलेल्या बिस्किटासारखं काहीतरी हाताला लागलं.

ओळखीच्या वायरमनला बोलावलं. पाठ उचकटावी लागली. आत बघून तो एवढंच म्हणाला, "दादा, अर्थिंगच नाही." पिन तीन खिळ्यांची, पण वायर दोनच तारांची. मधला जोड नुसत्या सेलोटेपने गुंडाळलेला! कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यांच्यातून थोडा करंट सीपीयूच्या डब्यावर येतो. अर्थिंग असलं की तो त्या तारेतून जमिनीत निघून जातो, नसलं की डब्याला हात लावणाऱ्याला जाणवतो. त्या झिणझिण्यांनी सहसा काही होत नाही. पण आत खरंच काही बिघडलं असतं तर तोच डबा २३० व्होल्टवर गेला असता, आणि टेबलाशी पोरगं बसलेलं.

वायरी नीट काढायला त्याने वरच्या फळीला ६० एमएमचं भोक पाडलं. गोल चकती खाली पडली. वर-खाली मायका, मध्ये दाबलेला भुसा. प्लाय कापला की कडेला आडवे-उभे थर दिसतात; इथे नुसते दाणे. कडेला चिकटवलेल्या पट्टीने तेवढंच झाकलेलं होतं.

फर्निचरवाला फोनवर म्हणाला, "तुम्ही प्लाय म्हणालाच नव्हता, पावती बघा." पावतीत काय होतं, ते वर लिहिलंच आहे. पैसे दिल्याचा पुरावा फोनमध्ये होता, कशाचे दिले याचा कुठेच नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर त्याने एका पोराबरोबर नवीन बाजू पाठवली, तीही भुशाचीच. मी परत पाठवली.

आता टेबल करायला टाकणाऱ्यांनी पावतीवर प्लायची जाडी आणि आयएस (भारतीय मानकाचा नंबर) ७१० की ३०३ हे लिहून घ्या. ७१० म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय, ३०३ साध्या वापराचा. कडेला पट्टी चिकटवायच्या आधी जाऊन कड बघा. त्याला राग आला तर येऊ दे. आणि पाठ कायमची बंद करू देऊ नका; स्क्रूवर उघडणारी ठेवा.

आमच्याकडे आता फळीखाली उघडी जाळीची ट्रे आहे, तीन तारांची दीड स्क्वेअर एमएमची वायर आणि वेल्क्रोच्या पट्ट्या. सगळं मिळून हजाराच्या आत झालं. फुगलेली बाजू तशीच आहे.

ती चकती मी ठेवून दिली होती. शेजारचे काका परवा सुनेसाठी टेबल सांगायला निघाले, तेव्हा खिशात घालून घेऊन गेले. दुकानात गेल्या गेल्या काउंटरवर ठेवली म्हणे, आणि मग भाव विचारला.