एडिट चेक कुठे लिहायचे: रेडकॅप, ओपनक्लिनिका की रेव्ह?

ही तिन्ही वैद्यकीय अभ्यासांत रुग्णांच्या नोंदी भरायची सॉफ्टवेअर, आणि एडिट चेक म्हणजे चुकीची नोंद आपोआप पकडणारा नियम. माहितीपत्रकात तिन्हींपुढे 'एडिट चेक: आहे' असंच छापलेलं असतं. म्हणून डेमोला बसलो की मी एकच नियम लिहून दाखवायला सांगतो: वरचा रक्तदाब खालच्यापेक्षा कमी भरला, तर क्वेरी (ही नोंद तपासा, असा प्रश्न) पडली पाहिजे.

रेडकॅपमध्ये हे एका ओळीचं काम. 2004 साली व्हँडरबिल्ट विद्यापीठात सुरू झालेली ही प्रणाली ना-नफा संस्थांना लायसन्सचे पैसे न देता मिळते. सर्व्हर मात्र आपला. फील्डवर किमान-कमाल मर्यादा लावता येते, पण ती मऊ असते. नाडी 72 ऐवजी 720 टाका, इशारा येईल आणि तरीही सेव्ह होईल. रक्तदाबाचा नियम 'डेटा क्वालिटी'मध्ये लिहायचा, तोही उलट्या बाजूने: अट खरी ठरली की चूक सापडली. नवखा माणूस हमखास बरोबर नोंदीचं वर्णन लिहितो आणि सगळेच रुग्ण यादीत येऊन पडतात! दुसरी खोच जास्त महागात पडणारी आहे. 'रिअल टाइम' नियम फॉर्म सेव्ह करताना चालतो, इम्पोर्ट केलेल्या लॅब फाइलवर नाही. तिथे नियम आठवणीने हाताने चालवावा लागतो.

ओपनक्लिनिकाच्या तिसऱ्या मालिकेत (आणि तिच्यापासून फुटलेल्या लिब्रेक्लिनिकात) नियम म्हणजे एक्सएमएल फाइल. कोणत्या फील्डवर, कोणती अट, काय करायचं, हे सगळं लांबलचक ओळखसंकेतांनी लिहायचं. एक अक्षर चुकलं की फाइल परत. कंटाळवाणं आहे, पण नियम पहिल्या नोंदीला चालवायचा, दुहेरी नोंदीला (पडताळणीसाठी तोच फॉर्म दुसऱ्यांदा भरताना), इम्पोर्टला की रात्रीच्या बॅचला, हे नियमागणिक ठरवता येतं. माझ्या लेखी ही सोय त्या कटकटीपेक्षा मोठी. चौथ्या आवृत्तीत पद्धत बदलली, जुन्या फाइली जशाच्या तशा तिकडे नेता येतील असं समजू नका.

मेडिडेटा रेव्हमध्ये आधी वरचा रक्तदाब, मग खालचा, आणि शेवटी 'पेक्षा कमी', अशा क्रमाने पायऱ्या रचतात. आठवडाभर डोकं गरगरतं, मग हात बसतो. त्याहून किचकट असेल तर सी-शार्पमध्ये कस्टम फंक्शन. रेव्हचा कस लागतो तो प्रोटोकॉल (अभ्यासाचा ठरलेला आराखडा) मध्येच बदलला की: नवी आवृत्ती प्रकाशित करून चालू रुग्ण तिच्यावर हलवण्याची शिस्तशीर वाट आहे. पैसे याचेच मोजायचे.

एकाच संस्थेचा अभ्यास आणि एकटा डेटा मॅनेजर असेल, तर रेडकॅपच घ्या. बाहेरून फाइली भरपूर येणार आणि हाताशी प्रोग्रामर आहे, तर ओपनक्लिनिका. अनेक देशांतली केंद्रं, दोन-तीन प्रोटोकॉल बदल आणि प्रायोजकाचं ऑडिट ठरलेलं असेल, तर रेव्ह.

डेमो संपायच्या आत खालच्या रक्तदाबाची जागा रिकामी ठेवून फॉर्म सेव्ह करायला सांगा. रिकाम्या जागेला शून्य धरलं जातं, नियम गप्प बसतो की भलतीच क्वेरी पडते, ते तिथेच दिसेल.